परबकाकांची लाळबंदी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाचं बारसं असलं की पाळण्याशेजारी परबकाका उभे. बाळाची आत्या ओठ पुढे काढून वाकली रे वाकली, की ह्यांचा आवाज, "ओ ताई, पापी नाय! पायाला हात लावा. पुण्य तेवढंच." सत्यनारायणाला मार्कर घेऊन फिरायचे, प्रत्येक कागदी ग्लासावर ज्याचं त्याचं नाव. खाली खेळणाऱ्या पोरांनी एकच बाटली तोंडाला लावून फिरवली की तिसऱ्या मजल्यावरून हाक, "मेल्यांनो, थुंकी काय प्रसाद आसा?" पोरं त्यांना पापीबंद काका म्हणायची. हसायचो आम्हीही.

पण हे खूळ नंतरचं. मी शेजारच्याच दारात वाढले, मला आधीचे काका आठवतात. काकू लवकर गेल्या. मनाली त्यांची एकुलती एक. सकाळी बापलेकीचा चहा एकाच मोठ्या कपात. आधी काका, उरलेला मनालीचा.

मनाली अंधेरीला नोकरी करत होती. एक दिवस उठली तर डाव्या डोळ्याने सगळं धूसर. डोळा सुधारला, तर उजवा पाय जड झाला. जिन्यात पडली, तेव्हा एमआरआय काढला. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते आणि नसांवरचं आवरण खाते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मग विचारलं, "पूर्वी कधी लांबलेला ताप, मानेला गाठी?"

आल्या होत्या, कॉलेजात असताना. बाई म्हणाल्या, तो ताप ज्या विषाणूने येतो तो लाळेतून पसरतो. बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो, काही करत नाही. पण ह्या आजाराशी त्याचा संबंध असावा, असं आता दिसायला लागलंय. एवढ्या बोलण्यातली काकांनी लाळ तेवढी घरी आणली. आल्या आल्या तो कप खिडकीतून खाली फेकला. वॉचमन थोडक्यात वाचला.

पुढे मनालीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. काठी आली. नोकरी गेली. काकांची लाळबंदी तेव्हापासूनची.

मागच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टरीणबाईंसमोर काकांनी बाही वर केली. "माझं रक्त तपासा."

"कशाला?"

"त्यात तो विषाणू हाय की नाय, बघा."

"असणारच, काका. माझ्यातही असेल. बाहेरच्या रिक्षावाल्यातही."

"म्हणजे मीच दिला तिला."

"कुणी दिला ते कधीच कळणार नाही. आणि नुसत्या विषाणूने हे होतही नाही. तिलाच का झालं, आम्हाला माहीत नाही."

काका भडकले. "माहीत नाय कसं? एवढं शिकलात ना तुम्ही? कोणीतरी केलंच असणार!" बाही वरच होती.

"बाबा," मनाली म्हणाली. "माझा ताप तुमच्याकडून नव्हता आलेला."

"तुला काय कळतंय!"

"कॉलेजात एक मुलगा होता. त्याला आधी आला, मग मला." थांबून म्हणाली, "चहा नव्हतो पीत आम्ही."

डॉक्टरीणबाई फायलीत बघायला लागल्या. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

"कोण तो?" काका ओरडले. "खयचो?"

"कुठला का असेना. तो मस्त आहे, त्याला काही झालं नाही."

काकांनी बाही खाली केली. बटण लावायला गेले, लागेना. मी लावून दिलं.

परतताना रिक्षात काका मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. चेकनाक्याच्या सिग्नलला बराच वेळ अडकलो. मला वाटलं, आता तिची काही खैर नाही. काका समोरच्या मीटरकडे बघत होते.

"बाय," ते हळूच म्हणाले, "बरो होतो गो तो?"

मनाली बाहेर बघत होती. "होता, बाबा. खूप."

"मग ठीक."

सिग्नल सुटला, रिक्षाला हिसका बसला आणि मनालीचा उजवा पाय घसरून बाहेर लोंबकळला. तिला कळलंच नाही. काका वाकले, दोन्ही हातांनी तो पाय आत घेतला, आणि घर येईपर्यंत तसाच धरून बसले.