ठिपक्यांचा शर्ट आणि निर्भय नोरीन

स्त्रीने निर्भय असावे, पण तिची निर्भयता कपड्यांवरून उठून दिसू नये, हे सुधारलेल्या समाजाचे पहिले लक्षण होय. टेक्ससमधल्या अमरिलो गावात हे लक्षण दर शनिवारी चर्चच्या सभागृहात कॉफीसोबत शिकवलं जाई.

नोरीन टिबेट्स दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारायची. तिचा घटस्फोटित नवरा रोज समोर गाडी लावून बसे. (बसणे हा गुन्हा नाही, असं पोलिसांनी तिला फार सौजन्याने सांगितलं होतं.) गेल्या आठवड्यात गाडी तिच्या घरासमोर आली, म्हणून तिने पिस्तूल घेतलं आणि ते अंगावर बाळगायचं कसं हे शिकायला ती या शनिवारच्या वर्गात आली.

शिकवणाऱ्या मेव्हिसबाईंनी उभं आयुष्य पार्लर चालवलेलं. "कमरेला लावून बघ गं."

उभ्याने झकास. खुर्चीत टेकताच नळी पोटात रुतली.

"मग बसू नकोस," मेव्हिसबाई म्हणाल्या.

मांडीला बांधलं, तर चाल बदकिणीची झाली. छातीशी लावलं, तर बाहेर काढेपर्यंत हल्लेखोराला कंटाळा यावा. (सत्तर टक्के महिला या पद्धतीवर समाधानी आहेत. उरलेल्या तीस टक्क्यांनी ते अजून बाहेर काढलेलं नाही.)

"पर्स बरी," कुणीतरी सुचवलं.

"छे गं! माझी नात पर्समध्ये गोळ्या शोधते," शेजारच्या ओपलआजी म्हणाल्या.

"कसल्या?"

"पेपरमिंटच्या! पण हाताला दुसऱ्या लागल्या तर?"

सगळ्या खळखळून हसल्या. नोरीनही हसली आणि मग म्हणाली, "पण तो खरंच समोर आला, तर मी करू काय?"

मेव्हिसबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आधी एक माप मोठा शर्ट घे. ठिपक्यांचा. ठिपक्यांत उंचवटा लपतो."

बंदुका आणि कपडे एकत्र विकणाऱ्या दुकानात नोरीनने शर्ट घेतला, पिस्तूल खोचायचा मऊ गुलाबी पट्टा घेतला, पिस्तुलासकट दोन्ही तिथेच चढवले. "काहीसुद्धा दिसत नाही हं!" दुकानातली मुलगी कौतुकाने म्हणाली. ते खरंच होतं. ती वळली, तर गल्ल्यापाशी तोच उभा होता, तिचा घटस्फोटित नवरा, काडतुसांची दोन खोकी घेऊन. त्याचं पिस्तूल कमरेला उघडं लटकत होतं. सोय-गैरसोयीचा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता.

त्याने अदबीने तिच्यासाठी दार धरलं. "छान दिसतेस. डाव्या बाजूला लावलंयस ना?"

नोरीन दवाखान्यात परतलीच नाही. त्याच दुपारी सामान गाडीत कोंबून ती बहिणीकडे दुसऱ्या राज्यात निघाली. गाडी चालवताना पट्टा टोचू लागला, तेव्हा तिने तो सोडून मागच्या सीटवर फेकला आणि गाडी थांबवून पोटभर रडली. वर्गाने तिच्या गैरहजेरीत तिला उत्तीर्ण केलं.

वाचकहो, तिची कंबर, मांडी, छाती, चाल, सगळं तुम्ही बारकाईने पाहिलंत. त्याचं नाव काय, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.