उकंडाचं दुसरं बारसं

धम्मदीपाने मतदानाची लिंक चुकून भलत्याच गटात टाकली, आणि चहा निवायच्या आत शिरपूर जैन गाव पेटून उठलं.

लिंक होती 'उकंडा'ची, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरची. थांब्यावरच्या माणसाने 'आली' एवढं बटण दाबलं की पुढच्या गावांना एसटी कुठे पोचली ते कळतं, इतकंच त्याचं काम. फुकट वापरा, कोड सगळ्यांना खुला आहे, बिघडलं तर तुम्हीच दुरुस्त करा, असा मामला. आधी तिने त्याचं नाव 'गतिमान' ठेवलं होतं. ते महिन्यात बंद पडलं. मग 'वायुवेग' काढलं, तेही गेलं. तेव्हा वच्छलाआजी म्हणाली, "पोरी, लेकरू जगत नसलं का त्याचं नाव वंगाळ ठेवतात. तुह्या आबाजीचं ठेव."

आबाजींच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. नाव पडलं उकंडा, पुढे उकंडराव. धम्मदीपाचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण तिने हसत हसत नाव दिलं. ते पोर असं जगलं की चार वर्षांत केरळपासून केनियापर्यंतचे चाळीस जण त्याची फुकटात देखभाल करू लागले.

त्यातल्याच एकाने आता नावाचा अर्थ शोधून काढला होता. बसथांब्यावर उकिरड्याची पाटी कोण लावणार? नाव बदलायचं का, यावर चाळीस जणांचं मतदान ठरलं. आबाजींना काय वाटेल, या धास्तीत धम्मदीपाचं बोट घसरलं आणि लिंक गेली 'आपलं शिरपूर' या गटात.

"बाहेरचे लोकं आपल्या उकंडरावचं नाव पुसून राह्यले," असं फ्लेक्सवाल्या सतीशने खाली लिहिलं. झालं. दुपारपर्यंत दोनशे बारा मतं पडली, सगळी 'बदलू नका' म्हणून. निम्म्या लोकांनी ते सॉफ्टवेअर कधी उघडलंही नव्हतं. पण मत द्यायला एवढी अट कोणत्या निवडणुकीत असते? सतीशने तर आबाजींच्या फोटोचा सहा फुटी फ्लेक्स छापला: 'उकंडा होता, उकंडाच राहील.'

तिकडे चाळीस जण बावचळले. हे दोनशे मतदार कोण? शेवटी संध्याकाळी पाचला सगळ्यांनी फोनवर समोरासमोर बसायचं ठरलं.

आबाजींनी दुपारची भाकर तशीच ठेवली होती. "जेवले काहून नाही आबाजी?" धम्मदीपाने विचारलं.

"घास उतरत नाही," ते म्हणाले. चाळीसच्या चाळीस निघून गेले तरी चालतील, पण नाव हलणार नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

पाच वाजता अंगण भरलं. पडद्यावरून केरळचा एक जण हिंदीत म्हणाला, "जिनका नाम है, उन्हीं से पूछ लेते हैं."

आबाजींनी दुपट्टा सावरला. "धम्मे, नाव बदलाले किती वेळ लागते?"

"दहा मिनिटं. पण तुमी फिकीर नका करू, मी..."

"अर्ज? स्टँप? साक्षीदार?"

"काहीच नाही लागत."

"मंग बदल ना, बाई."

सतीशच्या हातून फ्लेक्सचं एक टोक सुटलं.

"छप्पनले दीक्षा झाली," आबाजी सांगू लागले. "माह्यामागून झालेल्या भावायले झकास नावं भेटले. माह्यं शाळेत लिहून बसलं व्हतं. मास्तर हजेरी घे, तं पोट्टे नाक दाबत. मोठेपणी तीनदा अर्ज केला, तिन्ही टायमाले एखादा कागद कमी पडला. अरे, जगावं म्हणून ठेवलं व्हतं ना नाव? मी जगलो. हेही जगलं. आता कायले छळता त्याले?"

"मंग काय ठेवाव?" धम्मदीपाने विचारलं.

"संघदीप," आबाजी म्हणाले. इतक्या झटकन, की ते नाव साठ वर्षं जिभेवरच बसून होतं हे लहान पोरालाही कळलं असतं.

धम्मदीपाने पलीकडे समजावून सांगताच चाळीस हात वर झाले. अंगणातले हातही, जरा ओशाळून, वर गेले.

"आता या फ्लेक्सचं काय करू?" सतीश म्हणाला.

"उलटा करून सोयाबीनवर झाक," आजी म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

आबाजी चार भाकरी जेवले. धम्मदीपा त्यांच्याजवळ बसली. "मले वाटलं, नाव बदलते म्हणून तुमाले वाईट वाटलं."

"वाईट तं वाटलंच," आबाजी ठेचा ओढून घेत म्हणाले. "दोनशे बारा मतं पाह्यली, अन् मले वाटलं, हे गाववाले जिंकते का काय."