निम्मी नदी

बाबांच्या डोक्यावर शाम्पूचा डोंगर झाला आणि नळाचं पाणी गेलं.

"पाणी कोणी बंद केलं?" बाथरूममधून खासदारसाहेब गरजले.

"मी!" दाराबाहेरून त्यांची धाकटी लेक म्हणाली. जिन्यातला व्हॉल्व्ह ती दोन्ही हातांनी आवळून आली होती.

झालं होतं असं. स्वयंपाकघरातला पाइप गळायचा. आई म्हणाली, अख्खा बदला. काका म्हणाले, हात लावू नका, भिंत फुटेल. बाबांनी दोघांचं मन राखलं. निम्मा बदलला! मग सांध्यातून दुप्पट गळायला लागलं. बाबांनी खाली बादली ठेवली. अर्धी भरली की आईने ओतायची, पूर्ण भरली की काकांनी. काकांची पाळी कधी आलीच नाही. आज तो सांधा निखळला आणि धाकटीचं दप्तर घरभर तरंगलं.

आणि हेच बाबा अकरा वाजता देशातल्या नद्यांचा कायदा मांडायला निघाले होते. कारखान्यांनी नदीत घाण सोडायची, पण निम्मी. विरोधकसुद्धा खूश!

"बेटा, अर्धा उघड. माझं भागेल."

"तुमचं सगळं अर्ध्यातच भागतं, म्हणून तर बंद केलाय."

"डोळे चुरचुरतायत गं!"

"एक मिटा."

"बरं बाई, पाइप बदलतो. पूर्ण!"

"आणि नदी?"

"अगं, एकदम सगळं मागितलं तर काहीच मिळत नाही."

"मागून तरी बघितलंत का?"

तेवढ्यात घराच्या दारावर धडाधड थापा. उघडून बघते तर खालच्या मजल्यावरच्या काकू, कोपरापर्यंत साबण. मागे अर्धी दाढी केलेले वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक.

"अगं बये, तो व्हॉल्व्ह अख्ख्या इमारतीचा आहे!"

धाकटीने धडाधडा सगळं सांगून टाकलं. नदीसकट.

मतदारांचे आवाज ऐकून बाबांना जोर चढला. "काकू, तुम्हीच समजवा हिला!"

"साहेब," काकू म्हणाल्या, "दोन महिने तुमचं पाणी माझ्या पलंगावर गळतंय. तुम्ही म्हणालात, पलंग थोडा सरकवा. आता फक्त पाय भिजतात."

एवढं बोलून त्यांनी बाथरूमच्या दारासमोर फतकल मारली. प्राध्यापकही गाल सावरत शेजारी बसले.

"साबण वाळला तरी चालेल मला," काकू म्हणाल्या. "पूर्ण नदीचं बोला."

"अहो, अकराला सभागृहात पोचायचंय मला!"

"मग लवकर बोला," धाकटी म्हणाली आणि दाराला पाठ टेकून ऐसपैस बसली.