परराष्ट्र समितीचा ब्रेड

मातृभूमीचे हित यथार्थपणे जाणावयाचे, तर तिच्यापासून किमान तीन हजार मैल दूर राहणे आवश्यक असते. जवळ राहणाऱ्याच्या दृष्टीच्या आड तेथील चिखल, पाऊस आणि शेजारी येतात. बॉस्टन नगरीतील आयरिश वंशजांच्या लीट्रिम परोपकारी मंडळाने हे तत्त्व आपल्या घटनेतच समाविष्ट केले होते. मंडळाच्या परराष्ट्र समितीचा सभासद आयर्लंडमध्ये जन्मलेला नसावा, असा तिचा सातवा नियम. (तेथे जन्मलेल्यांचे तेथे हितसंबंध असतात, त्यांच्याकडून निःपक्षपाती विचाराची अपेक्षा कशी करावी?)

समितीचे तेरा सभासद पुढीलप्रमाणे : नळकारागीर चार, निवृत्त अग्निशामक तीन, अंत्यविधींचे व्यवस्थापक दोन, ख्रिस्ती जोगीण एक, आणि उरलेले तिघे केवळ संतप्त. अध्यक्ष कॉर्नीलियस मॅकगोवर्न हे नळकारागिरांपैकी. वय शहात्तर, अध्यक्षपद एकतीस वर्षे, आयर्लंडच्या भेटी शून्य. (एकदा तिकीट काढले होते, परंतु त्याच आठवड्यात आयर्लंडच्या भवितव्यावर बैठक निघाली.)

बैठक रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात भरे. कॉर्नीलियस पहाटे उठून स्वहस्ते सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खायचा सोडा व ताक घालून होणारा आयरिश पाव, भाजून आणीत, आणि तो वाटल्याखेरीज कोणताही ठराव संमत होत नसे. कृती आईची; बेदाणे आणि शहाजिरे तिने सांगितलेल्या मापाने. आईच्या हातची ती चव, एवढेच आयर्लंड त्यांच्या वाट्याला आले होते, आणि ते त्यांनी प्राणापलीकडे जपले होते.

त्या वर्षीचा ठराव सीमेविषयी होता. आयर्लंडला प्रजासत्ताक आणि ब्रिटिश उत्तर भाग असे दुभंगणारी सीमा नाहीशी व्हावी, यास्तव ती प्रथम कडेकोट बंद करावी, म्हणजे लोकांना तिचा जाच कळेल व ते पेटून उठतील. सांप्रत ती इतकी मोकळी होती की ओलांडणाऱ्यांना आपण ती ओलांडली हे उमगतही नसे. समितीने ही बाब अत्यंत गंभीर मानली. निवडणूक तोंडावर आल्याने स्थानिक लोकप्रतिनिधींनी शब्द दिलाच होता की, तळघरातून येईल ते स्वल्पविरामासह वॉशिंग्टनला पोहोचेल.

अशा वेळी कॉर्नीलियस यांच्या मामेभावाची मुलगी ग्रॉन्या प्रत्यक्ष लीट्रिमहून, म्हणजे त्या सीमेलगतच्याच परगण्यातून, येऊन थडकली. तिला निरीक्षक म्हणून कोटांच्या खुंट्यांखाली खुर्ची मिळाली, आणि विशेष बाब म्हणून तीन मिनिटे.

"माझ्या चाळीस गाई अलीकडे, डेअरी पलीकडे," ती म्हणाली. "सीमा बंद झाली तर रोजचं दूध कुणाच्या तोंडात ओतू?"

"पोरी, देशासाठी थोडं सोसावं लागतं," डिनी स्कॉलन हे निवृत्त अग्निशामक म्हणाले.

"मग तुम्ही सोसा की, आजोबा. पाठवू का दूध?"

तळघर हसले. मते सहा विरुद्ध सहा पडली, आणि निर्णायक मत अध्यक्षांकडे आले.

कॉर्नीलियस विरघळले होते. पोरीची हनुवटी थेट आईची होती. ठराव फेटाळायचा, हे त्यांनी मनोमन ठरविले; फक्त रीतीप्रमाणे आधी चहा. सर्वांत जाड काप त्यांनी स्वतः तिच्या ताटलीत ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारले, "कसा झालाय? घरची आठवण येते की नाही?"

ग्रॉन्या सावकाश चावत राहिली. दुर्दैवाने ती प्रामाणिक होती.

"छान झालाय हो काका. पण आपला नव्हे हा. बेदाणे, शहाजिरे... आमच्या घरी असल्याला 'अमेरिकन केक' म्हणतात."

जोगीणबाई सिस्टर अट्रॅक्टा यांनी छातीवर क्रूस काढला. कॉर्नीलियस यांनी ताटली परत घेतली, जागेवर बसले आणि हात वर केला. ठराव सात विरुद्ध सहा मतांनी संमत झाला.

ठराव वॉशिंग्टनला पोहोचला, आणि पुढे सीमा बंद झाली. या कठोर धोरणामागील कारणांचा तीन राजधान्यांतील तज्ज्ञांनी सखोल शोध घेतला. शहाजिऱ्यांचा उल्लेख एकाही अहवालात नाही.

वसंतात ग्रॉन्याचे पत्र आले. दूध अडून राहते, म्हणून त्याचे ताक करून ती आता सोडा ब्रेड भाजते आणि पूर्वजांचे गाव शोधीत येणाऱ्या अमेरिकन प्रवाशांना विकते. साधा कोणी घेईना. बेदाणे व शहाजिरे घातल्यापासून पुरत नाही. खाताना कित्येकांचे डोळे भरून येतात. "माप पाठवा, काका," असे शेवटी लिहिले होते. कॉर्नीलियस यांनी ते पत्र समितीपुढे दोनदा वाचले. मायदेश अखेर मूळ परंपरेकडे वळला, अशी नोंद इतिवृत्तात झाली, आणि माप त्याच दिवशी रवाना झाले.

सुज्ञ वाचकांनी हसण्यापूर्वी दोन तारखा आठवाव्यात : आपण आपल्या मूळ गावी शेवटचे कधी गेलो, आणि त्या गावाने कसे वागावे हे शेवटचे कधी सांगितले. दोहोंत वीस वर्षांहून अधिक अंतर भरल्यास समितीत एक जागा रिक्त आहे. येताना काही घरचे करून आणावे; मात्र वाटेत ते गावच्या माणसास चाखावयास देऊ नये.