भाऊजी अजून आहेत

माझ्या थोरल्या दिरांना कुणी "कसं काय?" विचारलं की ते हात जोडतात आणि म्हणतात, "सॉरी हां, अजून आहे."

रेशन दुकानात अंगठा लागला की मशीनलाही सॉरी. बदलापूर गावात कुणाच्या लग्नाला गेले की वाढप्याला सॉरी, "माझं पान धरलं नसेल तुम्ही." उल्हासनगरचा कापडवाला शेठ त्यांना लांबूनच बघून हसतो, "अरे साईं, तुम तो हम सबको पहुँचाके जाओगे." भाऊजी त्यालाही सॉरी म्हणतात आणि बनियनचा भाव पाडून घेतात.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. दीड महिना मशीनचा शेक घेतला. उजवी बाजू आतून आवळली आहे, जिना चढताना थांबावं लागतं. थांबले की भिंतीवरच्या जाहिराती वाचत असल्याचं दाखवतात. आमच्या जिन्यातल्या प्लंबरचा नंबर त्यांना पाठ आहे.

तेव्हा सगळे म्हणाले, चार-सहा महिने काढतील. माझी मनीषा बारावीत होती, स्थळ आलं होतं. मीच हट्ट धरला, काकांना डोळ्यांदेखत अक्षता टाकू देत. भाऊजी अंथरुणातून म्हणाले, "अगं सुमन, परीक्षा होऊ दे पोरीची. माझं निमित्त करू नकोस." मी ऐकू न आल्यासारखं केलं. खरं तर मला ते स्थळ सोडायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अक्षता पडल्या. भाऊजी राहिले. परीक्षा मात्र गेली.

मागच्या बुधवारी ते धापा टाकत आले. "मनीषाचा कॉलेज सोडल्याचा दाखला तुझ्या ट्रंकेत असेल. बाहेरून बारावीला बसतेय ती."

तेव्हा कळलं, तीन महिने ते दर बुधवारी अंबरनाथला तिच्याकडे जातात, तिची मुलं सांभाळतात आणि ती अभ्यास करते. दोघांनीही मला सांगितलं नव्हतं. का सांगतील?

दाखला सापडला. माझी शाळा चौथीपर्यंतच, बोट ठेवून वाचत गेले. सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

मला मान वर करता येईना. भाऊजींनी त्या ओळीवर पंजा ठेवला.

"ते सगळ्यांच्याच दाखल्यावर असतं. घडी कर."

मी घडी केली. मग विचारलं, "भाऊजी, मी पण येऊ?"

त्यांनी दाखला खिशात घातला. "मुलं वांड आहेत," म्हणाले, "दोघं लागतातच." आणि मी चपला घालेपर्यंत दाराला टेकून उभे राहिले.