अकरा अक्षरी महिन्याची हकीकत

श्रीशारदा आणि बोलत्या सर्व जिव्हा यांस वंदन करोन लिहिणे ऐसे जे, शके सोळाशे एकावन्न, सौम्यनाम संवत्सरी एका राज्याचे महाराजांचे मनी आले की आपले नाव काळावर कोरावे, आणि मग त्यांनी आश्विन हे नाव पुसोन त्या महिन्यास ‘महाप्रतापविक्रमशार्दूल’ हे आपले बिरुद दिले, आणि तैसी शिळा वेशीवर उभी केली. बिरुद अकरा अक्षरी. रचिले रंगोपंत दुभाषी यांनी. पंत तरुण, टोपीकरांच्या भाषा जाणणारे, सोनार सोने कसतो तैसा एकेक शब्द कसून पाहणारे. हे बिरुद त्यांस पोटच्या लेकरासारिखे. आज्ञा जाहली की जो महिन्याचे अक्षर गाळील त्याचे पोट भरण्याचे साधन जाळावे.

मग सगुणी नावाडीण धरोन आणिली. अपराध हाच की होडी लोटताना तिने उतारूंस हाक दिली, “मापूची धार हाय, बूड टेकून बसा,” आणि महिन्याच्या अकरा अक्षरांचे ‘मापू’ जाहलेले कोतवालाने ऐकिले. होडी जळती तर पैलतीरीची गावे बाजारास मुकती आणि सगुणीची चूल विझती. महाराजांनी पुसिले, पुरे नाव का घेतले नाही? ती म्हणाली, “घेत हुते की, सरकार. पर शार्दूलापतुर जाईस्तवर होडी भवऱ्यात जाती.” दरबारात ज्याने त्याने हसू मिशीत दाबिले.

पंतांस आधी राग आला, कारण मोडतोड त्यांच्याच रचनेची. आणि रागामागोन कुतूहल आले, कारण ऐसी झीज त्यांनी पूर्वी पाहिली होती. उगे राहावे तर होडी जळते, बोलावे तर चाकरी जाते. मग पंत मुजरा करोन बोलिले की, पश्चिमेस रूमची पातशाही होती, तेथील ऑगस्टस कैसराचे नाव एका महिन्यास दिले गेले. पातशाही बुडाली, आणि फरासीस लोकांनी ते नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळविले, आणि आता कित्येकांच्या बोलण्यात त्याचा नुसता ‘ऊ’ उरला आहे. रूमच्या भाषेत पाण्यास ‘आक्वा’ म्हणत. फरासीस त्यासच ‘ओ’ म्हणतात. आणि उत्तरेस दिनमार लोक लहान नदीस ऐसाच एक स्वर काढितात, तोही त्याच आक्वाचा भाऊबंद.

महाराज कष्टी जाहले. म्हणाले, “एवढा कैसर, आणि ऊ?”

“खावंद, शिळेवर तो पुरा आहे. पण शिळेस पीक कापायचे नसते, तहानही लागत नाही. माणसे रोज वापरतात तेच झिजते.”

महाराजांनी सगुणीकडे वळोन हळूच पुसिले, “मापू म्हणताना आमची याद येते काय?”

“धारेची येती, सरकार. लेकरं पल्याड न्यायची असत्यात.”

महाराज म्हणाले, “होडी सोडा. झिजू द्या.”

सारांश की, पुढे महाराज कैलासवासी जाहले, राज्य गेले, शिळा कोणी धुणे आपटावयास नेली. नदीच्या त्या उताराशी आश्विनात आता नावाडी नुसते “मा” म्हणतात, आणि सारे उतारू बूड टेकून बसतात. पंत म्हातारपणी एकदा त्याच होडीत बसले होते. हाक आली, तेव्हा तेही टेकून बसले.