विश्राममामांचा ठेका

मी पदवीधर झालो तो आमचे शेजारी विश्राममाम यांच्यामुळे. ते डिचोलीला खाणीचा ट्रक चालवायचे, संध्याकाळी भजनात पखवाज वाजवायचे आणि रोज सकाळी मला केबिनमध्ये बसवून साखळीच्या कॉलेजपाशी उतरवायचे. आमच्या घरात तोवर दहावीपुढे कोणी गेले नव्हते.

एकदा त्यांनी ट्रक गॅरेजात नेला. तक्रार एकच : "इंडिकेटर लयीत पेटना."

मेकॅनिक म्हणाला, "माम, गाडी वळली म्हणजे जालां न्हय?"

"वळतली. पण सम चुकतली."

निवृत्तीनंतर माम पेडण्याला मूळ घरी गेले. पखवाज सुटला नाही. मी आता शाळेत शिकवतो आणि घरच्या एका खोलीत गावोगावची भजने रेकॉर्ड करतो. पहिला मान मामांचा. आधी त्यांचा पखवाज, मग त्यावर पेटी आणि गाणाऱ्या बायका, असे ठरले.

लय धरायला कानात ठोक्याची टिकटिक सोडली, तर मामांनी हेडफोन काढला. "हिका कोणी शिकयला?"

मग टिकटिकीशिवायच वाजवले. अंतऱ्याच्या एका ओळीला दर वेळी लय उतरायची. मला वाटले, वय झाले. ते घरी गेल्यावर मी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या भजनाला एकच लय दिली, एकेक थाप ओढून पडद्यावरच्या ठोक्याच्या रेषेवर बसवली आणि मोठ्या अभिमानाने त्यांना ऐकायला बोलावले.

त्या ओळीला मामांची मांडीवरची बोटे थांबली. ते उठून चपला शोधू लागले.

"माम, चुकत होतं तेवढं सरळ केलं."

"चुकत नासलें. थंय तुझ्या मामीक श्वास घेवंक जाय."

मामी भजनात पुढे बसून गायच्या. त्यांना दमा होता, त्या ओळीला श्वास पुरायचा नाही. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

त्यानंतर मामांनी माझा फोन उचलला नाही. शेवटी मी पेडण्याच्या बसवाल्याकडे पेनड्राइव्ह आणि हे पत्र दिले :

"ती. विश्राममाम यांस साष्टांग नमस्कार. तुमचे मूळ वाजवणे मी पुसले नव्हते. या वेळी तुम्हाला रेषांवर न आणता रेषाच तुमच्यामागून नेल्या. प्रत्येक आवर्तनाची लय वेगळी लिहिली. दोन रविवार लागले. त्या ओळीला मिनिटाला एकशे चार ठोक्यांवरून शहाण्णव, पुढे पुन्हा वर. टिकटिकही आता तुमच्याबरोबर उतरते, त्यामुळे पेटीवाला चुकत नाही. गाणाऱ्या बायकांनी विचारले, इथे लय का उतरते? मी सांगितले, इथे मामी श्वास घेतात. आता त्याही तिथेच घेतात."